घरच्या बागेचे कुंपण : आधी कारण ठरवा, मग जाळी

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकात बागकामावर नियमितपणे मजकूर येतो आणि माझ्यासारखे अनेक वाचक त्याची कात्रणे जपून ठेवतात. माती, खत, छाटणी, कीड या सर्वांवर त्यात सविस्तर लिहिलेले असते. कुंपणाचा उल्लेख मात्र बहुधा शेवटी, ‘बागेला शोभेसे कुंपण घालावे’ एवढाच येतो. घरच्या बागेत जी वस्तू सर्वांत जास्त वर्षे टिकायला हवी, तीच सर्वांत घाईने निवडली जाते. बाग लावून झाली की हाताशी उरलेल्या पैशांत दिसेल ती जाळी आणायची आणि कारागिराला हद्द दाखवून मोकळे व्हायचे, असेच बहुतेकांकडून होते. माझ्याकडूनही तेच झाले, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

आमच्या बागेला मी साखळी जाळीचे दीड मीटर उंचीचे कुंपण घातले होते. खांब लोखंडी अँगलचे, एकमेकांपासून साडेतीन मीटरवर आणि जमिनीत जेमतेम ३० सेंमी. दोन वर्षे ते नीट उभे राहिले, कारण उघड्या जाळीतून वारा आरपार जात होता. पुढे रस्त्यावरून बाग दिसते म्हणून त्याच जाळीवर मी हिरवी शेडनेट ताणून बांधली. त्यानंतरच्या पहिल्याच वादळी संध्याकाळी सलग सहा खांब आतल्या बाजूला कलले आणि अख्खी जाळी टोमॅटोच्या वाफ्यावर आडवी झाली. सकाळी जाऊन पाहिले तेव्हा प्रत्येक खांबाच्या बुडाशी दोन मुठींएवढा काँक्रीटचा गोळा मातीसकट वर आलेला होता. अँगल कुठेही वाकला नव्हता, जाळीची एक वीण सुटली नव्हती. आरपार जाळी पेलण्यापुरत्या रोवलेल्या खांबांकडून मी आडोशाचे काम घेतले होते, एवढेच त्याचे कारण होते.

वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब चौपट होतो. भरीव कुंपणाची उंची दुप्पट केली की खांबाला बुडातून उखडणारा जोरही चौपट होतो, कारण वारा अडवणारे क्षेत्र तर दुप्पट होतेच, शिवाय तो जोर जमिनीपासून दुप्पट उंचीवर लागतो. जाळीवर दाट वेल चढवला तरी परिणाम हाच. म्हणून कुंपण कशाचे घ्यायचे हे ठरवण्याआधी ते कशासाठी हवे आहे हे घरातल्या सर्वांनी मिळून ठरवावे, आणि पुढे त्यावर काही चढवण्याचा विचार असेल तर तोही त्याच वेळी बोलून घ्यावा, अशी माझी कळकळीची सूचना आहे.

गुरांना थोपवायचे असेल तर मजबूत खांब आणि मोठ्या भोकांची जाळीही पुरते. कुत्र्यांसाठी उंचीइतकेच बुडाकडे लक्ष द्यावे लागते. ससे येत असतील तर साधारण ३ सेंमी भोकांची जाळी हवी. आणि जमीन उकरून आत शिरणाऱ्या कोणत्याही प्राण्यासाठी जाळीचा खालचा भाग जमिनीत सुमारे ३० सेंमी खोल न्यावा आणि तेथे तो बाहेरच्या बाजूला काटकोनात वळवून पुरावा. प्राणी कुंपणाच्या अगदी पायथ्याशी उकरतो, त्याला खाली पुन्हा जाळीच लागते आणि मागे सरून लांबून उकरावे हे त्याला सहसा सुचत नाही. केवळ हद्द दाखवायची असेल तर कमरेएवढ्या उंचीच्या पट्ट्याही पुरेत.

वाऱ्यापासून रोपांचे रक्षण हे कारण असेल तर अनेकांची समजूत उलटी असते. भरीव भिंत वारा अडवते, पण अडलेला वारा भिंतीवरून उसळून पलीकडे भोवऱ्यासारखा खाली येतो आणि आडोशाला म्हणून लावलेली रोपेच झोडपून काढतो. त्याऐवजी निम्म्याच्या आसपास भाग मोकळा राहील अशा पट्ट्यांचे कुंपण किंवा झाडांची वई वाऱ्याला गाळून मंद करते, आणि तिचा उपयोग तिच्या उंचीच्या साधारण दहा पट अंतरापर्यंत कमी-अधिक प्रमाणात जाणवतो. शिवाय भरीव कुंपणाची सावली पडते ती वेगळीच. भाजीच्या वाफ्याच्या उन्हाच्या बाजूला ते घालणे म्हणजे वाफा गमावणे.

जाळी घेताना भोकाच्या आकाराबरोबर तारेची जाडी विचारावी. गेजचा आकडा जितका मोठा तितकी तार बारीक, हे अनेकांना ठाऊक नसते. १० गेजची तार सुमारे ३.२ मिमी जाडीची असते, १२ गेजची २.६ मिमी आणि १४ गेजची जेमतेम २ मिमी. तारेवरचा जस्ताचा मुलामाही सारखा नसतो. वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेल्या तारेवरचा थर विजेच्या साहाय्याने चढवलेल्या थरापेक्षा बराच जाड असतो. जस्त लोखंडाच्या आधी स्वतः झिजते आणि लहानसहान ओरखड्यांतही लोखंडाला सांभाळते. म्हणजे थर जितका जाड तितकी कुंपणाची वर्षे अधिक. प्लास्टिकचे आवरण असलेली तार दिसायला नेटकी, पण आवरणाला चीर गेली की पाणी आत मुरून राहते आणि गंज बाहेरून दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. साखळी जाळीच्या वरच्या कडेलाही हात लावून पाहावे. काही जाळ्यांत तारेची टोके दुमडून बंद केलेली असतात, काहींत पिळून उभी सोडलेली असतात. ही उभी टोके कुंपणापलीकडे हात घालणाऱ्या मुलाच्या कोपराला बरोबर लागतील अशा उंचीवर येतात.

लाकूड आणि बांबू बागेत शोभतात हे खरेच, परंतु लाकडी खांब कुजतो तो जमिनीच्या पातळीशी, कारण बुरशीला लागणारी ओल आणि हवा दोन्ही तेथे एकत्र मिळतात. लाकूड थेट मातीत न रोवता लोखंडी पट्टीच्या किंवा काँक्रीटच्या बुंध्यावर बसवले तर त्याचे आयुष्य पुष्कळ वाढते. बांबूत पिष्ट असल्यामुळे त्याला भुंगा लागतो. बोरॅक्सची प्रक्रिया भुंग्याला रोखते, मात्र पावसात आणि ओल्या मातीत ती हळूहळू धुऊन जाते. जुने प्रक्रिया केलेले लाकूड स्वस्तात मिळाले तर ते कशात मुरवले होते याची चौकशी करावी. एके काळी तांबे, क्रोमियम आणि आर्सेनिक यांचे मिश्रण त्यासाठी सर्रास वापरले जात असे. असे लाकूड भाजीच्या वाफ्याला लावू नये आणि त्याचे तुकडे कधीही जाळू नयेत.

जिवंत कुंपण मला व्यक्तिशः सर्वांत प्रिय आहे. त्याला दोन-तीन वर्षे द्यावी लागतात, आणि त्या काळात आधाराला साधी तात्पुरती जाळी लागते. रोपे लहान असतानाच शेंडे खुडले तर बुडापासून फांद्या फुटतात. पुढे छाटताना वई खाली रुंद आणि वर निमुळती ठेवली तर खालच्या पानांना ऊन मिळते आणि पायथा उघडा पडत नाही. वाफा मात्र वईपासून किमान हातभर लांब ठेवावा, नाहीतर तिची मुळे वाफ्यातले पाणी आणि खत ओढून घेतात आणि ‘कुंपणानेच शेत खाल्ले’ ही म्हण शब्दशः खरी होते. घरात लहान मुले किंवा जनावरे असतील तर कण्हेर लावू नये, ती सर्वांगाने विषारी असते. आणि शेर या झुडपाचा चीक डोळ्यांत गेला तर गंभीर इजा होते.

आता ज्या दोन गोष्टी घरच्या बागेत मुळीच नसाव्यात असे मला वाटते, त्यांविषयी. पहिली काटेरी तार. तिचे जे रूप जगभर पसरले त्याचे पेटंट अमेरिकेत जोसेफ ग्लिडन यांना १८७४ मध्ये मिळाले, आणि ती वापरली गेली विस्तीर्ण कुरणांवरची गुरे आवरण्यासाठी. चार पावलांवर मुले खेळत असलेल्या अंगणात तिला जागा नाही. चेंडू आणायला वाकलेल्या मुलाचा गाल आणि रात्री घाबरून पळणाऱ्या जनावराचे अंग तिला सारखेच. भिंतीवर रोवलेल्या काचा आणि भाल्यासारखी टोके यांनाही हेच लागू आहे. कुंपणाच्या तारेत थेट घरातली वीज सोडणे हा तर जीवघेणा प्रकार आहे; झटका यंत्र क्षणभराचे, मर्यादित ऊर्जेचे ठोके देते, सलग वीज देत नाही, आणि तरीही घरच्या बागेला त्याची गरज मला दिसत नाही.

दुसरी गोष्ट, जमिनीलगत सैल सोडलेली नायलॉनची बारीक जाळी. एकदा पहाटे पाणी घालताना आमच्या जाळीत एक बिनविषारी साप अडकलेला दिसला. पुढे सरकताना जाळीचा एक धागा त्याच्या खवल्यांखाली रुतला होता. मागे येऊ पाहिले की धागा आणखी आत जात होता. माहीतगार शेजाऱ्यांनी त्याचे डोके कापडाने धरले आणि मी नखे कापायच्या लहान कात्रीने एकेक धागा कापला, त्याला जवळजवळ पाऊण तास लागला. साप गेला, पण त्याच्या अंगावरचे ते लाल वळ मला अजून दिसतात. त्याच दिवशी मी ती जाळी काढून टाकली. जाळी लावायचीच तर ती ताणून, जमिनीपासून थोडी उचलून लावावी किंवा सरळ ताठ तारेची घ्यावी.

मुलांच्या दृष्टीने आणखी एक. उभ्या गजांमधले अंतर १० सेंमीपेक्षा कमी असावे, म्हणजे लहान मुलाचे डोके आत अडकत नाही. आणि आडव्या पट्ट्या शक्यतो टाळाव्यात, कारण मुलांसाठी ती शिडीच होते.

शेवटी पुन्हा खांबांकडे येतो. एकूण लांबीचा साधारण एक तृतीयांश भाग जमिनीत, दोन खांबांत अडीच ते तीन मीटर अंतर, आणि खड्ड्याची रुंदी खांबाच्या निदान तिप्पट, हा हिशेब धरावा; भरीव कुंपणासाठी अंतर आणखी कमी. खड्डा वर रुंद आणि खाली अरुंद न करता तळाशी किंचित फुगीर ठेवावा, म्हणजे काँक्रीटचा गोळा वर उचलला जात नाही. काँक्रीटचा माथा मातीच्या वर ठेवून चारही बाजूंना उतार द्यावा, नाहीतर पाणी नेमके खांबाच्या बुडाशी साचते. कोपऱ्याच्या आणि फाटकाच्या खांबांना ताणाच्या दिशेने तिरका टेकू हवाच, कारण सगळ्या जाळीचा ओढ तेच सोसतात. काँक्रीट आठवडाभर मुरू द्यावे आणि मगच जाळी ताणावी. कारागिराची घाई इथेच नडते, तेव्हा तारीख ठरवतानाच हे सांगून ठेवावे. खांबाऐवजी उभ्या झाडाला खिळे ठोकून तार आवळणे हा सोपा मार्ग अनेक ठिकाणी दिसतो; काही वर्षांत खोड तारेभोवती वाढते, साल चिरडली जाते आणि झाड व कुंपण दोन्ही हातचे जातात.

पहिली पहार मारण्याआधी हद्द मोजून घ्यावी, जमिनीखालून पाण्याचा नळ किंवा विजेची तार गेली आहे का ते पाहावे आणि शेजाऱ्यांशी दोन शब्द बोलावे. कुंपणाची एक बाजू त्यांच्या अंगणात रोज दिसणार असते.

आपणास विनंती अशी की, बागेच्या पानावर यापुढे कुंपणाविषयी लिहून घ्याल तेव्हा पूर्ण झालेल्या कुंपणाच्या छायाचित्राशेजारी खांबाच्या उघड्या खड्ड्याचेही एक छायाचित्र मापांसह छापावे.

आपला नम्र,
एक वाचक