टब काढाच, पण त्या जागी काचेची पेटी नको

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या घरसजावटीच्या पुरवणीत गेले काही रविवार स्नानगृहांच्या नूतनीकरणाची छायाचित्रे येत आहेत. जुना टब काढून तिथे मोठा शॉवर करावा, हा त्यातला सल्ला मला मनापासून पटतो. पण टबाच्या जागी जे दाखवले आहे, म्हणजे तीन बाजूंनी काच, जेमतेम दोन फुटांचे काचेचे दार, खाली चार इंच उंच ग्रॅनाइटची पट्टी आणि डोक्यावर पसरट शॉवर, ते पाहून हे पत्र लिहिल्यावाचून राहवले नाही. मी पुण्यात फिजिओथेरपिस्ट म्हणून काम केले, आता निवृत्त आहे. खुब्याचे हाड मोडलेल्या वयस्कर माणसांना शस्त्रक्रियेनंतर पुन्हा चालते करणे हा त्या कामाचा मोठा भाग होता. कुठे पडलात, असे विचारले की फार वेळा एकच उत्तर यायचे: बाथरूममध्ये.

आमची सोसायटी नव्वदच्या दशकातली. त्या काळात जरा ऐसपैस सदनिका असली की मोठ्या बेडरूमच्या बाथरूमला टब द्यायचा, अशी पुण्यातल्या अनेक बिल्डरांची पद्धत होती. पाच फूट लांब, अडीच फूट रुंद, भोवती विटांचे बांधकाम आणि वर टाइल. या टबांचे पुढे काय झाले हे अशा घरांत राहणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. कुणी त्यात पाणी साठवले, कुणी धुवायचे कपडे टाकले. पाण्याचा हिशेबच तसा आहे. टब निम्मा भरायचा तरी १०० लिटरच्या आसपास कोमट पाणी लागते. आपल्या घरांत गीझर असतो १५ किंवा २५ लिटरचा. २५ लिटर पाणी ६० अंशांपर्यंत तापवून हिवाळ्यातल्या २० अंशांच्या पाण्यात मिसळले, तर अंघोळीजोगे ४० अंशांचे पाणी मिळते ५० लिटर. पुढचे पाणी तापेपर्यंत टबातले निवायला लागते. आणि खडकवासल्याचा साठा खाली गेला की ज्या शहरात पाणीकपातीची चर्चा सुरू होते, तिथे एका माणसाने एका अंघोळीला इतके पाणी घेणे मनाला पटतही नाही.

माझ्या दृष्टीने मात्र टब काढण्याचे खरे कारण त्याचा काठ हे आहे. तो साधारण दीड फूट उंच असतो. आत जाताना माणूस ओल्या पायाने एका पायावर तोललेला असतो, दुसरा पाय काठावरून पलीकडे न्यायचा असतो, आणि धरायला असते ती फार तर टॉवेलची दांडी, जी दोन बारीक स्क्रूंवर उभी असते. बाहेर येणे त्याहून कठीण. तळाशी बसलेल्या माणसाला उठायला मांडीच्या पुढच्या स्नायूंची जी ताकद लागते, तीच वयाबरोबर आधी कमी होते. कोमट पाण्यात पडून राहिल्याने पाठीला, सांध्यांना आराम वाटतो हे मी नाकारत नाही. ज्यांना सहज चढता-उतरता येते, घरात पाणी मुबलक आहे आणि दुसरी न्हाणी सोयीची आहे, त्यांनी टब खुशाल ठेवावा. टब काढला तर घराची किंमत उतरते, असे दलाल सांगतात. घर विकायचेच असेल तर त्याचा विचार करावा. राहायचे असेल त्याने राहणाऱ्याचा करावा.

आमच्याकडे राहणाऱ्या म्हणजे माझ्या सासूबाई. वय ८४, दोन्ही गुडघे बदललेले. साताऱ्याच्या घरी त्यांनी जन्मभर मोरीत पाटावर बसून, बंबातले पाणी बादलीत घेऊन तांब्याने अंघोळ केली. गुडघे बदलल्यावर इतक्या खाली बसायला त्यांना मनाई आहे. त्या आमच्याकडे कायमच्या राहायला आल्या तेव्हा त्यांचे मागणे एवढेच होते, "मला बसून, अंगावर पाणी घेऊन, माझी मी अंघोळ करायचीय. दुसऱ्या कुणी घातलेली नको." रुग्णांच्या तोंडून हे वाक्य मी निरनिराळ्या शब्दांत किती तरी वेळा ऐकले आहे. माणूस जेवायला मदत घेतो, चालताना हात धरू देतो. पण अंघोळीला दुसऱ्याची गरज लागली की आतून खचतो. म्हणून काचेची पेटी पाहून मला वाईट वाटते. तिच्यात स्टूल ठेवले की वळायला जागा नाही, वॉकर आत जात नाही, आणि मदतीला कुणी आत शिरायचे म्हटले तर दोघे मावत नाहीत. टबाचा दीड फुटाचा काठ गेला आणि चार इंचांची पट्टी आली, तर ती अडखळायला जास्तच सोयीची. उंच काठ निदान डोळ्यांना दिसतो तरी.

आम्ही टब फोडला तेव्हा खाली जे दिसले ते सांगायला हवे, कारण अशा बऱ्याच घरांत ते तसेच असेल. टबाची सांडपाण्याची नळी नहाणी ट्रॅपला, म्हणजे जमिनीतल्या सांडपाण्याच्या जाळीखालच्या भांड्याला, जोडलेलीच नव्हती, ट्रॅपच्या तोंडावर नुसती सोडलेली होती. इतकी वर्षे थोडे थोडे पाणी बाजूला पसरून टबाखालचा कोबा, म्हणजे टाइलखालचा विटांच्या तुकड्यांचा आणि सिमेंटचा थर, भिजत राहिला होता. खालच्या घरातल्या काकांनी छताचे पोपडे वारंवार काढून रंग दिला, दोष बाहेरच्या भिंतीला दिला. मूळ होते ते आमच्या टबाखाली, आणि टबाभोवती विटा बांधून टाकल्याने ते कुणाला दिसणे शक्यच नव्हते. पाण्याचे पाइपही आतून गंजलेले निघाले, ते बदलून सीपीव्हीसीचे, म्हणजे न गंजणाऱ्या प्लास्टिकचे, घातले.

नूतनीकरणाचे सगळे यश इथून पुढच्या, न दिसणाऱ्या कामात आहे. जुना कोबा पूर्ण काढून स्लॅब उघडा करायचा. नुसत्या टबाच्या जागेपुरते ठिगळ लावायचे नाही, कारण जुन्या आणि नव्या कामाच्या सांध्यातूनच पाणी झिरपते. भिंत आणि जमीन मिळते तिथे वाटा मारून, म्हणजे तो कोपरा सिमेंटने गोलसर करून, घ्यायचा, वॉटरप्रूफिंगचा थर भिंतीवरही वर चढवायचा, आणि शॉवरच्या भागात तर डोक्याच्या उंचीपर्यंत न्यायचा. मग ट्रॅपचे तोंड बंद करून पाणी भरून ठेवायचे ते ४८ तास, आणि खालच्या घरात जाऊन छत बघायचे. कोबा झाला की पुन्हा पाणी भरायचे. इथेच घाई होते. आमच्याकडेही ठेकेदाराचे म्हणणे होते की टाइल लावून घेऊ, पाणी नंतर तपासू. टाइल लागल्यावर तपासून उपयोग काय? गळती सापडली तर सगळे पुन्हा उखडावे लागते. मिस्त्री मात्र जुना, जाणता माणूस होता. तो म्हणाला, "ताई, पाणी उभं राहू द्या. माझी मजुरी दोन दिवसांनी मिळाली तरी चालेल."

पट्टी नसेल तर पाणी सगळीकडे पसरेल, ही भीती मला प्रत्येकाने घातली. पाणी अडवायचे काम पट्टीपेक्षा ढाळ चांगला करतो. मीटरला साधारण सव्वा सेंटीमीटर ढाळ नीट काढला आणि दूरच्या भिंतीलगत लांब जाळी घेतली, तर पाणी मागे येत नाही. ढाळ एकाच दिशेने हवा. चारही बाजूंनी मधल्या जाळीकडे उतरणाऱ्या जमिनीवर स्टूल डुगडुगते. टाइल लागल्यावर बादलीभर पाणी ओतून ते कुठे रेंगाळते ते मिस्त्रीसमोरच पाहून घ्यावे. काचेऐवजी आम्ही जमिनीपर्यंत पोचणारा पडदा लावला. तो बाजूला सरकवला की सारी जागा मोकळी होते, शेजारी उभे राहून पाठीला साबण लावून देता येतो.

टाइल निवडताना दुकानात हात फिरवून गुळगुळीतपणावर खूश होऊ नये. घसरण रोखण्याच्या क्षमतेनुसार टाइलना आर ९ ते आर १३ अशी श्रेणी असते. ओल्या भागाला आर ११ मागावी. लहान आकाराच्या टाइलना सांधे जास्त, म्हणून पायाला पकड जास्त. तरीही दिवाळीच्या अभ्यंगानंतर तेल आणि उटणे जमिनीवर राहिले तर कोणतीही टाइल घसरडी होते, ती गरम पाणी आणि साबणचुऱ्याने लगेच घासून काढावी.

धरायच्या दांड्यांबद्दल मला जरा सविस्तर सांगू द्या. दांडी माणसाचे सगळे वजन पेलणारी हवी, भिंतीत खोलवर अँकर ठोकून बसवलेली. एक उभी, शॉवरच्या जागेत शिरतानाच हाताला लागेल अशी. एक आडवी, बसल्या जागेवरून उठताना रेटा देता येईल अशी. कमोडशेजारी आणखी एक. त्या कुठे लावायच्या हे कागदावर न ठरवता, ज्याला वापरायच्या आहेत त्याला तिथे बसवून, उठायला सांगून, हात आपोआप कुठे जातो ते पाहून खूण करावी. सासूबाईंचा हात मी मनात धरलेल्या जागेपेक्षा बराच खाली गेला. बसायची जागा साधारण दीड फूट उंच हवी. प्लास्टिकचे हलके स्टूल नको, पायांना रबर असलेले जड घ्यावे. हँडशॉवर सरकत्या दांडीवर, बसून हात पोचेल इतका खाली येणारा. नळाची मूठ दाराच्या बाजूला घ्यावी, म्हणजे पाणी गरम आले की नाही हे आत शिरण्याआधी पाहता येते. बादलीसाठी खाली वेगळा नळ ठेवावाच. आपल्या वडीलधाऱ्यांना तांब्याने अंगावर पाणी घेतल्याखेरीज अंघोळ झाल्यासारखे वाटत नाही, आणि एक-दोन बादल्यांत अंघोळ होते हेही चांगलेच आहे.

आणि दार. ते बाहेर उघडणारे हवे. आत उघडणाऱ्या दारामागे माणूस पडला तर त्याच्याच अंगाने दार अडते आणि मदतीला गेलेल्यांना ते फोडावे लागते. कडी बाहेरूनही उघडता येईल अशी असावी. नूतनीकरणात हा बदल सगळ्यांत स्वस्त आहे आणि सगळ्यांत जास्त वेळा राहून जातो.

आता सोसायट्यांविषयी. आमच्या समितीने परवानगी देताना बराच काळ घेतला, आणि असाच अनुभव मला अनेकांनी सांगितला आहे. गळतीची भीती रास्त आहे. पण नकार दिल्याने गळती थांबत नाही. आमच्या टबाखाली ती परवानगीशिवायच चालू होती. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार शौचालय, सिंक वगैरेंमुळे होणारी अंतर्गत गळती दुरुस्त करण्याचा खर्च सभासदाचाच असतो. संस्थेने अर्जासोबत नळांचा साधा आराखडा घ्यावा, दोन्ही वेळच्या ४८ तासांच्या पाणी-चाचणीची अट घालावी, खालच्या सभासदाने छत पाहून सही करावी, आणि मग अडवू नये. घरात वयस्कर किंवा अपंग व्यक्ती असेल तर त्या अर्जाला आधी घ्यावे. राडारोडा लिफ्टने नेऊ नये वगैरे नियम जरूर असावेत, पण काम रोखण्यासाठी त्यांचा आधार घेऊ नये.

याहून निकडीचा प्रश्न पुनर्विकासाचा आहे. पुण्यात, मुंबई-ठाण्यात शेकडो जुन्या इमारती पाडून नव्या होत आहेत आणि त्यांतले कित्येक मूळ सभासद साठी-सत्तरी ओलांडलेले आहेत. करारात सुविधांची लांबलचक यादी असते. बाथरूमच्या ओळीत नळांच्या कंपनीचे नाव असते आणि दाराची रुंदी नसते. बऱ्याच नव्या उंच इमारतींत मायवान पद्धतीने, म्हणजे ॲल्युमिनियमच्या साच्यांत, सगळ्या भिंती काँक्रीटच्या ओतल्या जातात. त्या इमारतीचा भार पेलतात, म्हणून पुढे दार रुंद करायला त्या फोडता येत नाहीत, नळासाठी खोल झिरी मारता येत नाही. जिथे भिंतींना हलके, सच्छिद्र काँक्रीटचे एएसी ब्लॉक वापरतात तिथे दांडीसाठी आतून भक्कम आधार आधीच द्यावा लागतो. म्हणजे आज आराखड्यावर जे ठरेल त्यातच पुढची वीस-पंचवीस वर्षे काढायची आहेत. महारेराने, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाने, २०२४ मध्ये ज्येष्ठांसाठीच्या गृहप्रकल्पांना मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. रुंद दारे, न घसरणारी जमीन, आधाराच्या दांड्या या गोष्टी त्यांत आहेत. चाकाच्या खुर्चीला पूर्ण वळायला १५०० मिलिमीटर व्यासाची जागा लागते, हे केंद्राच्या सुगम्यतेच्या मार्गदर्शक तत्त्वांतही आहे. पण ज्येष्ठ मंडळी काही फक्त ज्येष्ठांच्या प्रकल्पांत राहत नाहीत. ती आपापल्या सोसायटीत, मुला-नातवंडांबरोबर किंवा दोघेच राहतात. प्रत्येक नव्या सदनिकेतली निदान एक न्हाणी तरी विनापट्टीची, बाहेर उघडणाऱ्या रुंद दाराची असावी, असे पुनर्विकासाच्या करारात सभासदांनी लिहून घ्यावे. आराखडे मंजूर होण्याआधी मागितले तर यात बिल्डरचे फारसे काही जात नाही.

आपली पुरवणी घरोघरी वाचली जाते. पुढच्या एखाद्या रविवारी पाच फूट बाय आठ फुटांच्या, म्हणजे आपल्याकडच्या सर्वसाधारण बाथरूमचा मोजमापांसह आराखडा छापावा: ढाळ कुठून कुठे, जाळी कुठे, दांड्या किती उंचीवर, दार कुठे उघडते. लोक तो कापून मिस्त्रीच्या हातात देतील, समितीच्या बैठकीत नेतील. आराखडा तपासून द्यायला मी आणि माझे काही जुने सहकारी आनंदाने वेळ देऊ.

आपली विश्वासू,
एक निवृत्त फिजिओथेरपिस्ट, सहकारनगर, पुणे