टाळी वाजवून मुलांचे कान तपासणं थांबवा

माननीय आरोग्यमंत्री,
स. न. वि. वि.

माझी मुलगी २२ महिन्यांची असताना कळलं, की तिला दोन्ही कानांनी कमी ऐकू येतं. त्याआधी तिचे कान तीन वेळा ‘तपासून’ झाले होते. तिन्ही वेळा डॉक्टरांनी तिच्या पाठीमागे जाऊन टाळी वाजवली, तिने मान वळवली आणि आम्हाला सांगण्यात आलं, “ऐकू येतंय की! काही मुलं उशिरा बोलतात. थोडी वाट बघा.” हे पत्र त्या टाळीबद्दल आहे.

टाळीचा आवाज मोठा असतो. शिवाय मागे माणूस गेला की सावली हलते, वाऱ्याची झुळूक लागते, समोर बसलेल्या आईची नजर तिकडे वळते. चुणचुणीत मूल तेवढ्यावरही मागे बघतं. आणि आवाजानेच वळलं असं धरलं, तरी मोठा आवाज निदान एका कानात पोचला, एवढंच त्यातून कळतं. माझ्या मुलीला स्वर ऐकू येत होते; ‘स’, ‘श’, ‘फ’ असे बारीक, वरच्या पट्टीतले आवाज येत नव्हते. त्यामुळे ती ‘आई’ म्हणायची, ‘बाबा’ म्हणायची, मोठ्याने हाक मारली की बघायचीही. पण पाठमोरी असताना हळू बोललं, तर ती खेळातून मान वर करत नसे. हे मी दर वेळी सांगितलं. दर वेळी पुन्हा टाळीच वाजली.

शेवटी आम्ही हट्टाने ऑडिओलॉजिस्टकडे, म्हणजे ऐकण्याची तपासणी करणाऱ्या तज्ज्ञाकडे गेलो. आधी कानाच्या पडद्यामागे पाणी साचलंय का ते बघितलं, नव्हतं. मग आवाजबंद खोलीत तिला मांडीवर घेऊन बसले. दोन्ही बाजूंना स्पीकर, शेजारी काळ्या काचेची पेटी. आवाजाकडे ती वळली, की पेटीत दिवा लागून माकड ढोल वाजवणार. मला मात्र जराही हलायचं नव्हतं, कारण माझं अंग आखडलं तरी तिला ते कळलं असतं. जाड आवाजांना ती वळली, माकड बघून हसली. मग पक्ष्याच्या शिळेसारखा बारीक आवाज आला. मला स्पष्ट ऐकू आला. ती हातातला ठोकळा फिरवत बसली. आवाज वाढवला, आणखी वाढवला. माकड अंधारातच राहिलं. निकाल मला त्या खुर्चीतच कळला.

बेरा चाचणी त्यानंतरची. कपाळावर आणि कानांमागे इलेक्ट्रोड चिकटवून, आवाज गेल्यावर श्रवणनस आणि मेंदूचा देठ काय प्रतिसाद देतात, ते झोपलेल्या मुलात टिपतात. पहिल्या खेपेला पहाटेपासून जागं ठेवूनही ती झोपली नाही, दुसऱ्या खेपेला झोपेचं औषध द्यावं लागलं. नवजात बाळ तर दूध पिऊन आपोआप झोपतं! त्या वयात ओएई चाचणी काही मिनिटांत होते. कानात छोटी बोंडी ठेवून आवाज सोडायचा आणि आतल्या कानाकडून परत येणारा क्षीण ध्वनी मोजायचा. हा ध्वनी ब्रिटिश शास्त्रज्ञ डेव्हिड केम्प यांनी १९७८ साली दाखवून दिला, म्हणजे हे तंत्र नवं नाही. पहिल्या महिन्यात चाळणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत उपचार, हा या क्षेत्रातला मान्य क्रम आहे. आम्ही त्यात जवळपास दीड वर्ष मागे पडलो. भाषा शिकण्याचं हेच वय असतं, साहेब.

माझी मागणी अशी. प्रत्येक बाळाची ओएई चाचणी घरी सोडण्यापूर्वी व्हावी. अतिदक्षता विभागात राहिलेल्या बाळांची बेराही व्हावी, कारण दोष श्रवणनसेत असला तर ओएई निर्दोष येऊ शकते. आणि जन्मावेळी पास झालेल्या मुलाचंही ऐकणं पुढे कमी होऊ शकतं, तेव्हा लसीकरणाच्या प्रत्येक फेरीत आईवडिलांना विचारा: मूल पाठमोरं असताना हळू हाकेला वळतं का? नाही म्हणाले, शंका आहे म्हणाले, तर त्याच दिवशी ऑडिओलॉजिस्टकडे चिठ्ठी द्या. त्यासाठी ऑडिओलॉजिस्टची पदं भरावी लागतील, ती भरा.

मुलीला आता दोन्ही कानांना श्रवणयंत्रं आहेत. परवा ती नळ सोडून उभी होती. बंद करायची, पुन्हा सोडायची, आणि पाण्याकडे न बघता माझ्याकडे बघायची. मी “श्श्श” केलं, तिनेही ओठ पुढे काढून केलं. आम्ही बराच वेळ तेच करत होतो.

लसीकरणाच्या पुस्तिकेत कानाच्या तपासणीसाठी एक रकाना छापून घ्या, आणि त्यात टाळी चालणार नाही असं स्पष्ट लिहा.

आपली,
एका लहान मुलीची आई