वाड्याची वाटणी आणि एका दिवसाची लोकअदालत

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

लोकअदालत झाली की दुसऱ्या दिवशीच्या अंकात किती प्रकरणे निकाली निघाली याचा मोठा आकडा येतो. इंदूरच्या दिवाणी कोर्टांत वकिली करण्यात आयुष्य गेले म्हणून सांगतो, त्यात वीजबिले, परत गेलेले चेक, बँकांची थकबाकी आणि अपघाताचे क्लेमच जास्त. ही कामे एका दिवसात मिटतात हे उत्तमच. पण लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नसते. रामबाग किंवा नारायणबागेतल्या जुन्या वाड्याची वाटणी अशा घाईत उरकायला नेऊ नये; तिला मध्यस्थीच बरी.

नुसत्या दाव्यानेही ती सुटत नाही. कोर्ट हिस्से ठरवते, कमिशनर पाठवून मोजणी करवते. वाड्याचे नीट तुकडे पडत नसतील, तर ज्यांचा मिळून निम्मा किंवा अधिक हिस्सा आहे त्यांच्या मागणीवरून 1893 च्या विभाजन कायद्याखाली विक्रीचा हुकूमही देते. पण पुण्याचा भाऊ गणपतीला आला तर उतरणार कुठे, देवघरातले टाक कोणाकडे, आईची खोली तिच्या हयातीत तिचीच राहील का, यावर निकालपत्रात सहसा ओळही नसते. मग प्राथमिक डिक्री (हिस्से ठरवणारा हुकूम), अपील, अंतिम डिक्री (प्रत्यक्ष वाटणीचा हुकूम), इजरा (त्याची अंमलबजावणी). कोर्टाच्या तारखेला आजोबांच्या जागी नातू उभा राहतो.

दिवाणी प्रक्रिया संहितेचे आजचे कलम 89 जुलै 2002 पासून लागू आहे. त्याखाली न्यायालयाच्या मध्यस्थी केंद्रात प्रशिक्षित मध्यस्थ दोन्ही बाजूंना आधी एकत्र, मग वेगवेगळे बसवतो. तो निकाल देत नाही आणि तिथले बोलणे पुराव्यात येत नाही, म्हणून माणसे मोकळी होतात. दोन-चार बैठकांनंतर कळते की खरा राग जागेचा नव्हताच, वडिलांच्या आजारपणात कोणी केले आणि कोणी फिरकले नाही याचा होता. जमले नाही तर फाइल कोर्टात परत जाते. जमले तर कोर्ट फी परत मिळते. बाहेर आपापसांत मिटवले तरी ती मिळावी, असे सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये म्हटले. दावा लावण्याआधीही जिल्हा विधिक सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. आमचे अशील मात्र दहा वर्षे तारखा करून थकल्यावर तयार होतात. (वकिलांनाही घाई नसते, हे खरेच.)

कोणी म्हणतात, लवाद नेमू. ठेकेदारीच्या हिशेबाला तो ठीक. पण त्याचा निवाडा बांधील असतो आणि 1996 च्या लवाद कायद्यात तो रद्द करून घेण्याची कारणे मोजकीच. त्यातून लवाद म्हणून मामांना बसवले, की निम्मे घर आधीच रुसलेले.

मध्यस्थीत मला खरी धास्ती बहिणींची वाटते. हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला, सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये तो आणखी स्पष्ट केला. तरी ‘माहेर तुटायला नको’ म्हणत तिच्याकडून हक्कसोड लिहून घेतात आणि त्यालाच समजूत म्हणतात. मध्यस्थाने तिच्याशी भावांच्या गैरहजेरीत बोलल्याशिवाय कागद पुढे सरकू नये, आणि तिचा वकील वेगळा असावा.

मध्यस्थी केंद्राने मराठी समजणारा मध्यस्थ दिला तर ज्या म्हाताऱ्या बायका घरचे गाऱ्हाणे हिंदीत सांगताना अडतात, त्याही बोलतील. इथल्या मराठी मंडळांनी ही मागणी लेखी द्यावी. अर्ज भरून द्यायला मी येईन.

आपला,
एक निवृत्त वकील, इंदूर