युक्रेनच्या बाजूने फक्त पाश्चात्त्य देश नव्हते

महोदय,

युक्रेन युद्धावरील जागतिक प्रतिक्रियांविषयीचा कालचा अग्रलेख वाचून मनस्ताप झाला. रशियाचा निषेध केवळ अमेरिका आणि युरोपने केला, बाकीचे जग या भांडणापासून दूर राहिले, हे आपले विधान वस्तुस्थितीला धरून नाही. २ मार्च २०२२ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत रशियाने सैन्य मागे घ्यावे या ठरावाच्या बाजूने १४१ देशांनी मतदान केले, पाच देश विरोधात गेले आणि भारत, चीनसह ३५ देश तटस्थ राहिले. त्या १४१ देशांत नेपाळ, भूतान आणि मालदीवही होते. बलाढ्य शेजाऱ्यांना लागून राहणाऱ्या लहान देशांना हा प्रश्न आपल्याहून जवळचा वाटला, याची दखल अग्रलेखात घ्यायला हवी होती. केनियाचे राजदूत मार्टिन किमानी यांनी तर युद्धाला तोंड फुटण्यापूर्वीच सुरक्षा परिषदेत बजावले होते की, आफ्रिकेच्या सीमा परक्या साम्राज्यांनी आखल्या, तरी त्या आम्ही मान्य केल्या, नाहीतर आम्ही आजही लढतच राहिलो असतो.

मतदान झाले त्या दिवशी माझी मुलगी खार्किव्हमध्ये होती. संध्याकाळी सहाच्या आत शहर सोडा, वाहन नसेल तर पायी निघा, अशी भारतीय दूतावासाची सूचना आली आणि गर्दीमुळे रेल्वेत शिरता न आल्याने ती मैत्रिणींसोबत पिसोचिनकडे चालत निघाली. बॅटरी पुरावी म्हणून फोन करायचा नाही, अधूनमधून नुसते एक टिंब पाठवायचे, असे आमचे ठरले होते. त्याआधी तळघरात काढलेल्या दिवसांत वसतिगृहाच्या युक्रेनियन बाईंनी या मुलींना घरचे उकडलेले बटाटे आणि बरणीतल्या खारवलेल्या काकड्या खाऊ घातल्या होत्या. अशा माणसांच्या देशाला आपण ‘पाश्चात्त्यांच्या पटावरचे प्यादे’ म्हणता, हे मला सहन होत नाही.

मुलांना सुखरूप बाहेर काढण्यासाठी रशियाशीही बोलणे भाग होते, त्यामुळे भारताच्या तटस्थतेमागची अडचण मी आई म्हणून समजू शकते; परंतु आपली अडचण हेच साऱ्या जगाचे मत, असे वाचकांना सांगू नये. विमाने उतरली तेव्हा आपण या विद्यार्थ्यांची छायाचित्रे पहिल्या पानावर छापलीत, पण त्यांच्या अर्धवट राहिलेल्या वैद्यकीय शिक्षणाविषयी मी पाठवलेल्या पत्राला जागा दिली नाहीत. निदान मतदानाविषयीची दुरुस्ती तरी अग्रलेखाच्याच पानावर प्रसिद्ध करावी, ही विनंती.

— एक पालक, सांगली