‘रूम २३७’ बघच: मित्रास पत्र

प्रिय मंदार,

परवा तू फोनवर ‘द शायनिंग’चा विषय काढलास आणि बोलणं अर्धवट राहिलं, म्हणून हे पत्र.

रॉडनी अॅशरचा ‘रूम २३७’ हा २०१२चा माहितीपट मिळवून बघ. दिग्दर्शक स्टॅन्ली क्युब्रिकच्या १९८०च्या त्या हॉटेलातल्या भयपटाने झपाटलेली पाच माणसं त्यात आपापला अर्थ सांगतात आणि एकाचाही चेहरा दिसत नाही. पडद्यावर सिनेमा, कानावर आवाज. चेहऱ्यावरून माणसाला वेड्यात काढायची सोयच नाही, म्हणणं ऐकून घ्यावंच लागतं. एकाचं पोर मध्येच रडतं, तर तो बोलणं थांबवून बघायला जातो. तेवढ्याने तो मला एकदम जवळचा वाटला.

पत्रकार बिल ब्लेकमोर हॉटेलच्या कोठीतल्या कॅल्युमेट बेकिंग पावडरच्या डब्यांवर बोट ठेवतो. त्यावर पिसांचा टोप घातलेला मूळ अमेरिकी सरदार आहे. त्याच्या मते सगळा सिनेमाच त्या लोकांच्या कत्तलीबद्दल आहे. मला यात तथ्य वाटतं, कारण हॉटेल त्यांच्या दफनभूमीवर उभं आहे हे मॅनेजरच सांगतो.

खरी कमाल जूली कर्न्सची. तिने हॉटेलचे नकाशेच काढले! मॅनेजर अलमनच्या पाठीमागे खिडकी आहे, बाहेर लख्ख उजेड. पण सिनेमाचा नायक जॅक लॉबीतून ज्या वाटेने तिथे येतो ती धरून चाललं, तर ती खोली इमारतीच्या पोटात येते. खिडकीच्या जागी कॉरिडॉर हवा. मी दृश्य थांबवत, मागे नेत पाहिलं. बाई बरोबर सांगते. पहिल्यांदा पाहताना आपल्याला यातलं काही कळत नाही, पण दिशाभान सुटतं आणि उगीचच अस्वस्थ वाटत राहतं ते यामुळेच, असं मला आता ठाम वाटतं.

जे वाईडनरचं मात्र अजिबात पटलं नाही. चांद्रमोहिमेची दृश्यं क्युब्रिकने बनवून दिली आणि त्याची कबुली म्हणून जॅकच्या लहानग्या डॅनीला ‘अपोलो ११’चा स्वेटर घातला, असा त्याचा दावा. चंद्र २ लाख ३७ हजार मैलांवर, म्हणून हॉटेलातली ती भयंकर खोली २३७! मुळात सरासरी अंतर २ लाख ३८ हजारांच्या वर आहे. शिवाय सिनेमा ज्यावर बेतलाय त्या स्टीफन किंगच्या कादंबरीत खोली २१७ होती. बाहेरची दृश्यं ज्या ओरेगॉनमधल्या टिंबरलाइन लॉजची आहेत, तिथल्या लोकांना धास्ती, की सिनेमानंतर २१७मध्ये कोणी उतरणार नाही. २३७ नंबरची खोली तिथे नव्हतीच, म्हणून तो आकडा आला. अॅशरने वाईडनरला इथे एक तरी प्रश्न विचारायला हवा होता. कर्न्सबाई पडद्यावर आहे तेच दाखवते, हा उत्तर घरूनच घेऊन आलाय. दोघांना एकाच पंगतीला बसवणं हा तिच्या मेहनतीवर अन्याय आहे.

तू दिवसभर प्लॅन काढणारा माणूस. अलमनच्या केबिनचा प्रसंग कागद-पेन्सिल घेऊन बघ आणि ती खिडकी कुठल्याही हिशेबाने बसते का, ते सविस्तर कळव. वहिनींना नमस्कार.

तुझा,
सुहास