'ज्ञ'चं स्पेलिंग आणि आमचं दुकान

महोदय,

आमच्या मसाल्याच्या दुकानाच्या नावात 'ज्ञ' आहे. नुसती मराठी पाटी होती तोवर त्याचा त्रास नव्हता. वेबसाइट काढताना मात्र 'डीएनवाय' लिहायचं, 'जीवाय' की 'जेएन', यावर घरात वाद झाला आणि शेवटी एकच डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, घेतलं. वर्षभरात दुसरं स्पेलिंग कुणीतरी उचललं आणि त्यावर मसालेच विकायला काढले. आता त्यांच्या मालाच्या तक्रारी आमच्या गल्ल्यावर येतात.

कायदा याबाबतीत आंधळा नाही. १९९९ मध्येच मुंबई उच्च न्यायालयाने 'रेडिफ' या इंटरनेट कंपनीच्या दाव्यात 'रॅडिफ'वाल्यांना अडवलं होतं. 'रॅडिकल'ची पहिली तीन अक्षरं आणि 'इन्फर्मेशन', 'फ्यूचर', 'फ्री'ची आद्याक्षरं जुळवून आम्ही नाव बनवलं, असा त्यांचा खुलासा होता. तो पटण्यासारखा नव्हताच. पुढे 'सिफी' या दुसऱ्या इंटरनेट कंपनीच्या खटल्यात 'सिफीनेट'वाल्यांनी पाच प्रवर्तकांची आद्याक्षरं पुढे केली. (अशा वेळी सगळ्यांना आद्याक्षरंच कशी सुचतात?) २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेही मानलं नाही. डोमेनसाठी वेगळा कायदा नसला तरी 'पासिंग ऑफ', म्हणजे दुसऱ्याच्या नावावर आपला माल खपवणं, इथेही लागू होतं, हे तेव्हाच ठरलं.

पण पासिंग ऑफमध्ये आपला नावलौकिक आपणच सिद्ध करायचा असतो. आमची जुनी बिलबुकं २०१९ च्या पुरात गेली. ट्रेडमार्क आम्ही घेतला नव्हता. लहान उद्योगाला ऑनलाइन अर्जाचे मालाच्या एका वर्गाला ४,५०० रुपये पडतात, तेही तेव्हा जड वाटले. आता 'डॉट कॉम'ची तक्रार जिनिव्हाच्या जागतिक बौद्धिक संपदा संघटनेकडे न्यायची तर शुल्कच १,५०० डॉलर, वकील वेगळा. जिंकलो तरी डोमेन मिळेल, भरपाई नाही.

डोमेन विकणारे ट्रेडमार्कची नोंद तपासत नाहीत, आधी पैसे भरेल त्याला नाव देतात. निदान भारताच्या 'डॉट इन'पुरतं तरी सरकारने हे बदलावं: देवनागरीत नोंदलेल्या ट्रेडमार्कची रोमन स्पेलिंगं कुणी मागितली, तर मूळ मालकाला आधी कळवावं. २०१४ पासून 'डॉट भारत' देवनागरीत मिळतं, तिथे 'ज्ञ' एकच आहे. ते आम्ही घेतलंही. पण गिऱ्हाईक मोबाइलवर टाइप करतं ते रोमनमध्येच.

– एक मसालेविक्रेता, सांगली