कार्डाची काळजी सोडा, आधी आईचा गुडघा

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर हा विषय निघाला की बाबा, तुमचा आवाज चढतो आणि आई फोन ठेवून देते. म्हणून लिहूनच पाठवते आहे. चष्मा लावून दोनदा वाचा, मग बोलू.

विहिरीजवळच्या दोन एकरांचा इसार घेतला नसेल तर कृपा करून घेऊ नका. घेतला असेल तर आजच्या आज मला सांगा, आपण परत करू. दिवाळीच्या आत मी गेले नाही तर कॅनडाचं कायम रहिवासाचं कार्ड रद्द होईल, असं तुम्हाला लातूरच्या त्या एजंटाने सांगितलं. त्यावर विश्वास ठेवून तुम्ही जमीन काढायला निघालात आणि आईचं ऑपरेशन ‘ती गेल्यावर बघू’ म्हणून बाजूला ठेवलंत. मला हे कुणीच सांगितलं नाही. काकूंच्या तोंडून निसटलं म्हणून कळलं. त्या रात्री मला झोप लागली नाही.

बाबा, त्याने सांगितलेलं खरं नाही.

गेल्या वर्षी मे महिन्यात आम्ही तिघं टोरांटोला जाऊन आलो ते फिरायला नव्हतं. आमच्या मंजुरीच्या कागदावर शेवटची तारीख होती. ती बहुतेक मेडिकलच्या तारखेवरून ठरते आणि सहसा वाढवून मिळत नाही. त्या तारखेच्या आत तिथं पोचलो नसतो तर मात्र सगळं हातचं गेलं असतं, पुन्हा पहिल्यापासून अर्ज करावा लागला असता. विमानतळावर अधिकाऱ्याने कागद तपासले, सह्या घेतल्या आणि आम्ही तिथले कायम रहिवासी झालो. नंतर काय सामान आणणार याची यादी दुसऱ्या टेबलावर मागितली. यादीत जे असतं ते पुढे नेताना त्यावर कर लागत नाही. आई, त्या यादीत तू मला दिलेल्या पाटल्या मी वजनासकट लिहिल्या आहेत. जायचं आहे हे तिथं लिहून देऊनच मी परत आले. मी जायचं टाळते आहे असं मनात आणू नका.

आता नियम काय आहे ते सांगते. कॅनडाचा हा कायदा २००१ चा, त्याच्या २८व्या कलमात लिहिलं आहे की कायम रहिवाशाने पाच वर्षांत ७३० दिवस तिथं राहिलं पाहिजे. म्हणजे पाचातली दोन वर्षं. ते दिवस सलग असायला हवेत असं नाही. नव्या माणसाची पाच वर्षं पूर्ण व्हायच्या आत विचारणा झाली तर अधिकारी एवढंच बघतो, की उरलेल्या काळात याचे ७३० दिवस भरू शकतात का. भरू शकत असतील तर हक्क शाबूत. सरळ हिशेब केला तर पहिल्या पाच वर्षांतली जवळपास तीन वर्षं आम्ही बाहेर काढू शकतो. त्यातलं दीड वर्षसुद्धा अजून झालेलं नाही.

आणि कार्डाचं म्हणाल तर कार्ड हा फक्त पुरावा आहे. सातबाऱ्याचा उतारा जुना झाला म्हणून शेत दुसऱ्याचं होतं का? कार्डाची मुदत पाच वर्षांची. ती संपली तरी हक्क आपोआप जात नाही. तो जातो एक तर आपण स्वतः लिहून सोडला तर, नाहीतर अधिकाऱ्याने रीतसर चौकशी करून तसा निर्णय दिला आणि तो कायम झाला तर. त्या निर्णयावर अपील करता येतं. मुदत संपलेल्या कार्डावर इथून विमानात बसू देत नाहीत, त्यासाठी वेगळा प्रवासाचा कागद काढावा लागतो. पण आपल्यावर ती वेळ येणार नाही, त्याच्या कितीतरी आधी आम्ही तिथं असू.

तो एजंट आणखी एक म्हणाला होता ना, की तिथल्या कंपनीचं पत्र आणून देतो, मग इथं राहूनही दिवस मोजले जातील? अशी सवलत कायद्यात आहे, पण ती कॅनडातल्या कंपनीत खरोखर पूर्णवेळ कामाला असलेल्या आणि त्या कंपनीने बाहेर पाठवलेल्या माणसासाठी. विकत आणलेल्या पत्रासाठी नाही. खोटा कागद पकडला गेला तर पाच वर्षं बंदी येते आणि आहे तो हक्कही जातो. त्याला एक रुपयाही देऊ नका. दिला असेल तरी मी रागावणार नाही, फक्त सांगा.

घरच्या आजारपणासाठी सहानुभूतीने विचार करायची तरतूदही आहे. लेकराचं हितही त्यात बघतात. पण तो शेवटी अधिकाऱ्याच्या पटण्याचा भाग, म्हणून मी माझा हिशेब त्यावर बांधलेला नाही. आईचे दवाखान्याचे कागद मात्र नीट जपून ठेवू.

आई, आता तुझ्याशी बोलते. येळवसला शेतात सगळी पंगत खाली बसली होती आणि तू भज्जीचं ताट घेऊन विहिरीच्या कठड्यावर टेकलीस. ‘वाढायला बरं पडतं’ म्हणालीस. मी दिवसभर वॉर्डात हेच बघते गं. उठताना तू आधी डावा हात जमिनीला लावतेस, मग पदर सावरायच्या निमित्ताने थोडं थांबतेस, मग उभी राहतेस. एक्स-रेमध्ये दोन हाडांच्या मधली फट जवळजवळ उरलेली नाही. तेल चोळून हे जाणार नाही. आणि जितकं लांबवशील तितके मांडीचे स्नायू बारीक होतील, मग ऑपरेशननंतर चालणं जड जाईल. शुगर आटोक्यात आहे तोवर करून घेऊ. ऑपरेशन करणारे डॉक्टर चांगले आहेत, पण खरं काम त्यानंतरच्या सहा आठवड्यांत असतं. रोज व्यायाम, गुडघा वाकवणं, वॉकरवर चालणं. दुखतं म्हणून बाई उठत नाही आणि घरचे म्हणतात राहू दे, तिथं गुडघा आखडतो. त्या सहा आठवड्यांत तुझ्याजवळ मीच असले पाहिजे. हे काम मला येतं आणि मला ते करायचं आहे.

आमचं ठरलंय ते असं. सोयाबीन निघून दिवाळी झाली की आईचा डावा गुडघा, लातूरला आमच्याच घरी राहून. सगळं नीट असेल तर शिवरात्रीच्या सुमाराला उजवा. तुमचे जावई मार्चमध्ये पुढे जातील, काम आणि घर बघतील. त्यांचे दिवस त्यांच्या खात्यात पडतील. नवरा गेला म्हणून बायकोचे दिवस भरत नाहीत, प्रत्येकाचे वेगळे मोजतात, लेकराचेसुद्धा. तिथल्या शाळा सप्टेंबरात सुरू होतात, म्हणून लेकराला घेऊन मी पुढच्या ऑगस्टमध्ये जाईन. तेव्हाही नियमात बसणारे आठ-नऊ महिने माझ्याकडे शिल्लक राहतील. ते मी मुद्दाम शिल्लक ठेवते आहे. तुम्हाला कधी काही झालं तर दिवस मोजत न बसता मला येता आलं पाहिजे.

हा काळ वाया जातोय असंही समजू नका. तिथं नर्स म्हणून काम करायला त्या प्रांतात नोंदणी लागते आणि परीक्षा द्यावी लागते. त्या परीक्षेचं केंद्र हैदराबादला आहे. कागद तपासायला इथूनच पाठवता येतात. हे सगळं करून गेले तर तिथं पोचल्यावर हातात काम लवकर पडेल. नाहीतर शिकलेल्या बायका तिथं वर्ष-वर्ष दुकानात उभ्या राहतात.

बाबा, गावात बोलतात ते माझ्याही कानावर आलंय. लेक माहेरासाठी नवऱ्याचं नशीब अडवून बसली म्हणे. हा निर्णय आम्ही दोघांनी मिळून घेतला आहे आणि उदगीरला सासूबाईंना विचारून घेतला आहे. त्या म्हणाल्या, आईचं आधी कर. तुम्ही पारावर कुणाला उत्तर देत बसू नका.

राहिला जमिनीचा विषय. परदेशी गेल्यावर माझ्या नावावर शेत लागणार नाही, म्हणून आत्ताच विकून मोकळं व्हावं, असं तुमच्या मनात असेल तर तेही काढून टाका. मी कायम रहिवासी झाले, तिथली नागरिक नाही. पासपोर्ट भारताचाच आहे. तिथं राहायला गेल्यावर नवीन शेतजमीन विकत घेता येत नाही हे खरं, पण वारसाने आलेली ठेवता येते. आजोबांनी ज्या जमिनीवर ज्वारी काढून तुम्हाला शिकवलं, ती माझ्या तिकिटासाठी जाऊ नये. तिकिटाचे पैसे आम्ही बाजूला ठेवलेत.

तिथं आम्ही स्थिर झालो की तुम्हा दोघांसाठी सुपर व्हिसा काढू. त्यावर आई-वडिलांना एका वेळी पाच वर्षांपर्यंत राहता येतं. त्याला आमची ठरावीक कमाई दाखवावी लागते, तुमचा मेडिकल विमा काढावा लागतो आणि मुलगी स्वतः तिथं राहत असावी लागते. म्हणजे माझा हक्क टिकला तरच तुमचं येणं. तो मी का सांभाळणार नाही, तुम्हीच सांगा.

सोमवारी सकाळच्या एसटीने आईला घेऊन या. जुना एक्स-रे कपाटावरच्या पिशवीत आहे, शुगरच्या चिठ्ठ्या देवघराच्या फळीवर. बीपीची गोळी चुकवू नका, पण शुगर उपाशीपोटी तपासायची आहे, तेव्हा आईने चहा घेऊन निघू नये. डबा मी स्टँडवर घेऊन येते.

तुमची लेक

ता. क. इसाराचं काय झालं ते मात्र आज रात्रीच फोनवर सांगा.